मुदत संपलेला नंबर

आमच्या घरात मोबाईल आला तो माझ्या लग्नासाठी. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी आप्पांनी तो घेतलाच नसता. आप्पा म्हणजे माझे वडील, मद्रासजवळच्या आवडी गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात मशीन शॉपमध्ये. भुसावळहून बदली होऊन इथे आले तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि ‘दोन वर्षं काढायचीत’ म्हणत त्यांनी या गावात आयुष्याचा मोठा तुकडा काढला. तेवढ्या काळात ते तमिळ शिकले ते भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. समुद्राची हवा, भातावरचं सांबार, केळीच्या पानात बांधून मिळणारी फुलं, सगळ्यांवर त्यांचा राग. वडिलांना इथेही अप्पाच म्हणतात, ही एवढीच गोष्ट त्यांना या मुलखातली पटलेली होती. रागीट माणूस चारचौघांत आरडाओरडा करतो असं लोकांना वाटतं. आप्पा कधीच ओरडले नाहीत. ते गप्प बसत, आणि त्यांच्या गप्प बसण्याने आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये भांडीसुद्धा हळू वाजायची.

मोबाईलच्या आधी माझ्यासाठी येणारे फोन वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामींकडे यायचे. मामींना मराठी येत नव्हतं आणि हिंदी त्यांना आवडत नव्हतं. एकदा जळगावच्या एका स्थळाचा फोन आला, मुलाचे वडील हिंदीतून विचारायला लागले, तर मामींनी ‘इल्लै, इल्लै’, म्हणजे नाही, नाही, म्हणून रिसीव्हर ठेवून दिला. आम्हाला कळलं ते तीन आठवड्यांनी, भुसावळच्या आत्याच्या पत्रातून. तोवर त्या मुलाचा साखरपुडा झाला होता. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. आप्पांनी मात्र त्या रविवारी आंघोळ झाल्यावर पहिल्यांदाच सगळ्या मोबाईल कंपन्यांची माहितीपत्रकं आणली आणि पलंगावर पसरली.

पुढचा दीड महिना ते अभ्यास करत होते. माझ्या दहावीच्या वेळीही त्यांनी इतका जीव लावला नव्हता. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारून त्यांनी तक्ता केला होता. कुठल्या कंपनीचं कार्ड किती दिवस चालतं, येणारा फोन फुकट आहे का, भुसावळला बोललं तर मिनिटाला काय पडतं, एकाच कंपनीच्या नंबरवर बोललं तर काय सूट. संध्याकाळी ते तो तक्ता गुंडाळी करून राजेश्वरीबाईंच्या दुकानात न्यायचे. राजेश्वरीबाई तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या घराण्यात कित्येक पिढ्या कुणी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता, पण घरात मराठीच. झेरॉक्स, एसटीडी, पोस्टाची तिकिटं आणि आता मोबाईलची कार्डं असं त्यांचं बाजारातलं लांबट दुकान होतं. त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेल काढून बोललेलं. आई पहिल्यांदा ऐकून तोंडाला पदर लावून हसली होती. पण आप्पांना अख्ख्या आवडीत त्या एकट्याच माणसात जमा वाटत. तिथे त्यांना खुर्ची मिळायची आणि आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट तिथे पोचायची.

आप्पांनी निवडली ती सगळ्यात स्वस्त कंपनी. स्वस्त का, तर एका अटीमुळे. बाकीच्या कंपन्या मुदत संपल्यावरही आठवडाभर येणारे फोन चालू ठेवायच्या. ही कंपनी मुदतीच्या दिवशी जाणारे आणि येणारे, दोन्ही बंद करायची. राजेश्वरीबाईंनी मला आणि आप्पांना दोघांनाही समोर बसवून ते सांगितलं होतं. “बघा हो, एक दिवस चुकलां तर फोन मेला. मग आम्हांस बोलूं नका.” त्यावर आप्पा म्हणाले, “मी काय विसरणारा माणूस आहे का?” खरंच नव्हते. ते काहीही विसरत नसत, हेच तर आमच्या घराचं दुखणं होतं.

कारखान्यात मोबाईल न्यायला बंदी होती. गेटवर तपासणी व्हायची. त्यामुळे ज्याच्यासाठी एवढा अभ्यास झाला तो फोन दिवसभर घरीच असायचा, देवांच्या फळीवर, हातरुमालात गुंडाळून, अन्नपूर्णेच्या शेजारी. त्याच्यावर पहारा आईचा. हिरवं बटण दाबायचं, ‘हॅलो’ म्हणायचं, नाव विचारायचं आणि ‘साहेब पाचनंतर असतात’ म्हणायचं, एवढं तिला घोकवून घेतलं होतं. आई त्या फोनला बिचकायची. तो वाजला की आधी हात धुवायची, मग पुसायची, मग रुमाल सोडायची, आणि तेवढ्यात तो बंद पडायचा. कारखान्याचा भोंगा झाला की दहा मिनिटांनी आप्पांच्या सायकलचा आवाज, आणि चप्पल काढायच्या आत पहिला प्रश्न, “कोणाचा आला?” आम्ही फोन करायचा नाही, हा नियम. आत्याला मिस्ड कॉल द्यायचा, मग ती तिकडून लावायची. आत्याला दिवसभरात किती मिस्ड कॉल गेले हे आप्पा रोज संध्याकाळी फोनमध्ये उघडून बघायचे.

मला हे सगळं असह्य व्हायचं आणि मी ते तोंडावर दाखवायची. माझं बी.कॉम. झालं होतं. दुपारी मी क्वार्टरच्या व्हरांड्यात कॉलनीतल्या तमिळ मुलांना हिंदी शिकवायची. परीक्षांसाठी त्यांना हिंदी लागायचं, आणि मराठी माणूस म्हणजे हिंदीचा पंडित अशी तिकडे समजूत. दहा-बारा पोरं एका सुरात ‘राम आम खाता है’ ओरडायची, त्या आवाजात आई आत वांगी भाजायची. इथली लांबट वांगी भरताच्या कामाची नाहीत असं आप्पांचं रोजचं म्हणणं, तरी भरीत रोजच्यासारखंच चाटूनपुसून संपायचं. ज्वारीचं पीठ भुसावळहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर यायचं आणि शेवटच्या पायलीला त्याला कडवट वास यायचा. तो वास आणि भाजलेल्या वांग्याचा वास, हे माझं एकविसावं वर्ष. आजही कुठे वांगं भाजल्याचा वास आला की माझं डोकं आधी तापतं आणि मग भूक लागते.

त्या उन्हाळ्यात एक स्थळ घरी आलं. आमच्याकडे स्थळं यायची ती रामेश्वरला जाता जाता. मद्रासला वेगळं तिकीट काढून मुलगी बघायला कोण येणार? मुलगा धुळ्याला वीज खात्यात, बरोबर आई-वडील आणि काशीहून आणलेल्या गंगेची पितळी लोटी. आईने शेवभाजी केली होती. मुलाच्या आईने दोनदा भाजी घेतली आणि मग मला विचारलं, “काय करते गं दिवसभर?” मी म्हटलं, “शिकवण्या घेते. आणि अड्यारला एका ऑफिसात मुलाखत दिली आहे. विम्याचे कागद तपासायचं काम आहे. दोन-तीन आठवड्यांत फोन येईल. नोकरी लागली तर मला इथेच राहायचं आहे.” मुलगा लोटीकडे बघत बसला. मी हे आधी घरात सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण घरात कुणाला सांगणार? मुलाखतीला मी शिकवणीची पुस्तकं आणायच्या निमित्ताने गेले होते, लोकलने मद्रास सेंट्रल, तिथून बसने अड्यार. त्यांच्या फॉर्मवर फोन नंबर लिहायची जागा होती आणि माझ्याकडे नंबर एकच होता, अन्नपूर्णेच्या शेजारचा.

मंडळी रामेश्वरला गेली. आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. समोर बसून ते आईला म्हणायचे, “तिला सांग, दार लावून घे.” मी दार लावायची आणि आईला म्हणायची, “त्यांना सांग, लावलं.” आई एकदा चिडून पोळपाटावर लाटणं आपटून म्हणाली, “मी काय पोस्टमन आहे का तुम्हा दोघांचा?” पण तीसुद्धा तेवढ्यापुरतीच. दहा-बारा दिवसांनी फोनवर कंपनीचा संदेश आला, मुदत संपायला तीन दिवस राहिले. आप्पांनी तो वाचला, रुमालाची घडी घातली आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, “या महिन्यात कार्ड टाकायचं नाही.”

आई म्हणाली, “अहो, एखादा फोन यायचा असला तर?”

“कुणाचा? स्थळांचा? तिला नको आहेत ना स्थळं. फोन स्थळांसाठी घेतला होता. स्थळं नकोत तर फोन कशाला?”

एवढं बोलून ते भरीत वाढून घेत राहिले. त्यांना पुरतं ठाऊक होतं कुणाचा फोन यायचा आहे ते. मी ताटावरून उठले. त्या वेळी मी त्यांच्यापाशी बसून ‘आप्पा, एवढा एक महिना’ असं म्हटलं असतं तर त्यांनी कार्ड टाकलं असतं का, हे मी पुढे अनेकदा मनात घोळवलं आहे. टाकलं असतं बहुतेक. पण मी त्यांचीच मुलगी होते. मागायचं नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

शिकवणीचे पैसे माझ्या पर्समध्ये होते. राजेश्वरीबाईंकडून कार्ड घेतलं तर संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या आप्पांना ते कळणार, म्हणून मी तिकडे फिरकलेच नाही. स्टेशनजवळ एक अनोळखी दुकान होतं, तिथे गर्दीत हात पुढे करून मी म्हटलं, “अण्णा, टॉप-अप कार्ड.” कंपनीचं नाव सांगितलं. त्याने काही न विचारता कार्ड दिलं. घरी आप्पा नव्हते, आई शेजारी गेली होती. मी केसांतली पिन काढून कार्डावरची चंदेरी पट्टी खरवडली, आकडे दाबले, आणि फोनवर शिल्लक वाढल्याचा संदेश आला. मला इतका आनंद झाला की मी अन्नपूर्णेलाही नमस्कार केला, एरवी मी तो चुकवायची. रिकामं कार्ड चुरगळून केराच्या डब्यात टाकलं आणि वर वांग्याची सालं पसरली. आपण आप्पांना बरोबर फसवलं, या खुशीत मी त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पुढचा आठवडा मी फोनजवळून हलले नाही. पोरांना शिकवतानाही रुमालातला फोन मांडीवर. शिल्लक बघितली की आकडा दिसायचा, म्हणजे फोन जिवंत. पण वाजत नव्हता. ऑफिसचा नाही, आत्याचा नाही, कुणाचाच नाही. आप्पा कामावरून येऊन नेहमीचा प्रश्न विचारत नव्हते, याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही. सहाव्या दिवशी मला शंका आली. फोन घेऊन मी राजेश्वरीबाईंच्या दुकानात गेले, एसटीडीच्या काचेच्या खोलीत शिरून माझ्याच नंबरला फोन लावला. मांडीवरचा फोन गप्प. कानात एक गोड आवाजाची बाई तमिळमध्ये सांगत होती की या नंबरची सेवा सध्या बंद आहे. मग तेच तिने इंग्रजीत सांगितलं. मी पुन्हा लावला, तिनेही पुन्हा सांगितलं.

राजेश्वरीबाईंनी मला बाहेर बोलावून फोन हातात घेतला, दोन बटणं दाबली. “कुठलं कार्ड टाकलं तूं?” मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं अम्मा, टॉप-अप म्हणजे काय वाटलं तुला? त्यानं बोलणं वाढतं. दिवस वाढत नाहींत. दिवसांचं कार्ड वेगळं असतं. मला विचारायचं की.” मग त्यांनी विचारलं, “माझ्याकडं कां नाही आलीस?” मी आप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. त्या समजल्या. त्यांनी दिवसांचं कार्ड काढून तिथल्या तिथे भरून दिलं, पण आता नंबर पुन्हा चालू व्हायला दोन दिवस लागणार होते. आमची कंपनी स्वस्त होती ना.

त्या संध्याकाळी भोंगा झाला, सायकल आली. मी दारातच उभी होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी सरळ त्यांच्याशी बोलले. “फोन बंद पडलाय.”

आप्पा सायकलला कुलूप लावत होते. “माहीत आहे.”

“कसं?”

“कार्ड चुकीचं घेतलंस. केर टाकायला मी गेलो होतो त्या दिवशी. बघितलं मी.”

“त्याच दिवशी? म्हणजे मुदत संपायच्या आधी?”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “तू विचारलंस का?”

आई आतून बाहेर आली आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. कॅलेंडरमागचा तो तक्ता अजून कपाटाच्या आत चिकटवलेला होता, आणि त्यातला पहिलाच रकाना होता, टॉप-अप आणि मुदत यातला फरक. आप्पांच्या सुबक अक्षरात, खाली दोन रेघा मारून. मी तो कधी वाचला नव्हता, कारण तो माझ्या लग्नाचा तक्ता होता आणि मला त्याच्याकडे बघायचीही चीड होती. वांग्याच्या सालांतून ते कार्ड काढून, पुसून, वाचून, पुन्हा तसंच चुरगळून टाकणारे आप्पा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत. त्यांनी मारलं असतं तर मी विसरले असते.

दुसऱ्या दिवशी मी अड्यारला गेले. टेबलामागची बाई चांगली होती. तिने वही उघडून दाखवली, माझ्या नावापुढे तीन वेळा खूण होती. “तीन दिवस लावला, मा. स्विच्ड ऑफ, स्विच्ड ऑफ. मग पुढच्या मुलीला बोलावलं. तुझा नंबर असा का?” मी म्हटलं, “माझा नव्हताच तो.” परतताना राजेश्वरीबाईंकडे उतरून मी माझं स्वतःचं सिम घेतलं, वेगळ्या कंपनीचं, महागडं, आठवडाभर सवलत देणारं. पत्त्याच्या पुराव्याला माझ्या नावाचं काही नव्हतं, तर त्यांनी कुठून तरी जमवलं आणि मला म्हणाल्या, “हे मात्र तुझ्या वडिलांस मी सांगणार नाही हो.” त्यांनी शब्द पाळला. पुढे जवळच्या अंबत्तूरला एका छोट्या कारखान्यात मला माल पाठवण्याच्या कागदांचं काम मिळालं, अड्यारच्या निम्म्या पगारावर. घरात मी नंबर आप्पांना दिला नाही. आईला दिला, तो तिने स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीखाली कागदावर लिहून ठेवला आणि मरेपर्यंत आप्पांना दाखवला नाही. आप्पांनी तो मागितलाही नाही.

आता आप्पा भुसावळला एकटेच असतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानाने अधू पण डोक्याने तल्लख. त्यांच्याकडे आवाज मोठा असलेला, मोठ्या आकड्यांचा फोन आहे, आई गेल्यावर मीच माझा नंबर घालून दिलेला. रिचार्ज आता दुकानात जाऊन करावा लागत नाही, मी चेन्नईतून माझ्या फोनवरून करते. त्यांच्या नंबरचे संदेश माझ्याकडे येतात. मुदत संपायला तीन दिवस. मुदत संपायला दोन दिवस. आज मुदत संपते आहे. मी ते सगळे वाचते आणि फोन बाजूला ठेवते. नवरा म्हणतो, एका बटणाचं तर काम आहे, टाक की. मी टाकते, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दर खेपेला एक दिवस मी त्यांचा फोन बंद राहू देते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि लिहिताना मला लाजही वाटत नाही, याची थोडी भीती वाटते आहे.

गेल्या खेपेला रिचार्ज टाकला आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. ते कधी आपणहून करत नाहीत.

“काल फोन बंद होता,” आप्पा म्हणाले.

“हो का?”

“मुदत संपली असेल.”

“असेल.”

पलीकडे त्यांच्या पंख्याचा आवाज येत होता.

“दर वेळी एकच दिवस,” आप्पा म्हणाले. “मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो.”

असं का, हे त्यांनीही विचारलं नाही.